विश्लेषण : चित्रे जळाली, पुस्तक उरले... रॉबर्ट गिलने अजिंठा पानांवर कसा आणला?

चारही भिंतींवर, जमिनीवर आणि छतावर चित्रे आहेत आणि आपण त्यांच्या मधोमध उभे आहोत, असा अनुभव देणारी प्रदर्शने आता पनवेलकरांना नवीन नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत व्हॅन गॉग ३६० हे प्रदर्शन भरले, तेव्हा लोकल पकडून ते पाहायला गेलेले अनेक जण इथेही आहेत. अशा कलेला इमर्सिव्ह इन्स्टॉलेशन म्हणतात. तिथे चित्राच्या समोर नव्हे, तर चित्राच्या आत उभे राहायचे असते. अडचण एकच. प्रदर्शन संपले की तो अनुभवही संपतो. मोबाइलमध्ये उरलेले फोटो सपाट दिसतात.

मग असा अनुभव पुस्तकात बांधता येतो का? जगभरातील कलावंत त्यासाठी खास पुस्तके करतात. त्यांना आर्टिस्ट्स बुक म्हणजे कलावंताचे पुस्तक असे म्हटले जाते. हा प्रश्न आजचा वाटतो. पण महाराष्ट्रात तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका लष्करी अधिकाऱ्यापुढे उभा राहिला होता. त्याचे नाव रॉबर्ट गिल. अजिंठ्याची चित्रे उतरवण्यासाठी आयुष्य घालवलेल्या या माणसाची बहुतेक चित्रे एका रात्रीच्या आगीत गेली. त्याने टिपलेल्या छायाचित्रांची पुस्तके मात्र आजही आहेत. असे का झाले, हे समजून घेऊ.

अजिंठा म्हणजे इन्स्टॉलेशन?...

आजच्या भाषेत सांगायचे तर हो. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर, उभ्या कड्यात ही सुमारे ३० लेणी कोरलेली आहेत. सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची आहेत. चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली बहुतेक लेणी पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात घडली. लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ मध्ये चित्रांचा सर्वांत मोठा भाग टिकला आहे.

या चित्रांना चौकट नाही. जातककथा भिंतीवरून सरकत कोपऱ्यात वळतात, खांबांवर चढतात आणि छतावर जातात. कथेला सुरुवात आणि शेवट असला तरी पाहणाऱ्याने कुठून पाहायचे, हे ठरलेले नाही. आत अंधार असतो. दिवा जिथे न्याल, तेवढाच भाग उजळतो. त्यामुळे अजिंठा एका नजरेत कधीच दिसत नाही; तो फिरून, मान वर करून, थांबत थांबत पाहावा लागतो. घारापुरीला जाऊन आलेल्यांना हे लगेच पटेल. त्रिमूर्तीचा फोटो शंभर वेळा पाहिलेला असतो, पण अंधाऱ्या मंडपातून चालत तिच्यासमोर गेल्यावर जे वाटते, ते फोटोत नसते.

म्हणजेच अजिंठ्याची प्रत काढायची तर चित्राबरोबर त्या जागेचीही प्रत काढावी लागते. गिलच्या आयुष्यभराच्या कामातील खरी अडचण हीच होती.

रॉबर्ट गिल कोण होता?...

गिलचा जन्म १८०४ चा. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात, ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीमध्ये अधिकारी होता. चित्रकला हा त्याचा छंद नव्हता. त्या कामात त्याचा हात खरोखर तयार होता.

अजिंठ्याकडे युरोपीय लोकांचे लक्ष गेले ते २८ एप्रिल १८१९ रोजी. मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोहोचला आणि लेणी क्रमांक १० मध्ये त्याने आपले नाव कोरून ठेवले. ते नाव आजही तिथे आहे. पुढे १८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन हा वास्तुकलेचा अभ्यासक लेण्यांत आला. भिंतींवरील चित्रांचा गिलावा झडत होता. वटवाघळे, ओल आणि वाटसरूंनी केलेला धूर यांनी उरलेले काम चालवले होते. काही हौशी पाहुणे तर चित्रांचे तुकडेच खरवडून नेत होते. लंडनला परतल्यावर १८४३ मध्ये फर्ग्युसनने रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती काढण्याचा आग्रह धरला.

कंपनीच्या संचालकांनी तो मानला. १८४४ मध्ये हे काम कॅप्टन गिलकडे आले. तेव्हा तो ४० वर्षांचा होता. हे काम काही महिन्यांचे किंवा फार तर दोन-तीन वर्षांचे असेल, असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात गिल अजिंठ्याचाच झाला. मृत्यूपर्यंतची सुमारे ३५ वर्षे त्याने याच परिसरात काढली.

त्याने प्रती कशा काढल्या?...

गिल लेण्यांपासून काही मैलांवरच्या अजिंठा गावातील बारादरीत राहत असे. हा भाग तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. लेण्यांकडे जाणारी वाट जंगलातून होती. वाघ होते, मधमाश्यांची पोळी होती, पावसाळ्यात ताप होता. गिल स्वतः पट्टीचा शिकारी होता, म्हणूनही कदाचित तो तिथे टिकला.

त्याने निवडलेली पद्धत अवघड होती. लहान कागदावर नक्कल करण्याऐवजी त्याने मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात, मूळ चित्राच्या आकाराच्या प्रती करायला घेतल्या. त्यामागचा विचार सरळ होता. लंडनमधल्या माणसाला लेण्यात उभे राहिल्याचा भास व्हायचा असेल, तर भिंत भिंतीएवढीच दिसली पाहिजे. पण आत पुरेसा उजेड नाही, भिंतीवर धुराची पुटे आणि मध्येच गिलावा गळालेला. जे दिसते ते रंगवायचे आणि जे पुसले गेले आहे ते अंदाजाने भरायचे नाही, हा संयम त्याला सतत पाळावा लागणार होता.

साधारण दोन दशकांत त्याच्या हातून तीसच्या आसपास प्रती झाल्या. तयार झालेल्या प्रती गुंडाळून, बैलगाडी आणि पुढे जहाज असा प्रवास करून लंडनला जात. तिथे सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडण्यात आल्या. अजिंठ्याला कधीही न आलेले हजारो लोक त्यांच्यासमोर उभे राहिले. भिंतीएवढ्या चित्रांनी पाहणाऱ्याला वेढून टाकायचे, ही आजच्या प्रदर्शनांची कल्पना तिथे वेगळ्या रूपात आधीच होती.

पारो खरी होती का?...

मराठी वाचकाला गिल माहीत आहे तो पारोमुळे. कवी ना. धों. महानोर यांचे बालपण याच परिसरातील पळसखेडचे. त्यांनी गिल आणि पारो यांच्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले. त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये याच नावाचा चित्रपट केला. देसाई यांचा कर्जतचा एन. डी. स्टुडिओ पनवेलकरांना परिचित आहे. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये देसाई आणि महानोर यांचे लागोपाठच्या दोन दिवशी, २ आणि ३ तारखेला निधन झाले.

पारो ही केवळ कवीची कल्पना नाही. अजिंठा गावात तिची कबर आहे. २३ मे १८५६ रोजी तिचा मृत्यू झाल्याची नोंद त्या दगडावर आहे आणि तो दगड गिलनेच तिच्या आठवणीसाठी बसवला. साम्राज्याच्या अधिकाऱ्याने एका स्थानिक स्त्रीवरचे आपले प्रेम असे उघडपणे दगडावर कोरून ठेवावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. दुसरी बाजूही सांगायला हवी. गिलचे लग्न आधीच झालेले होते आणि त्याला मुलेही होती. काव्यात आणि चित्रपटात पारोचे जे बोलणे, रुसणे आणि रंगवणे येते, ते लेखकांचे आहे. तिचा स्वतःचा शब्द कुठेही नोंदलेला नाही. गिलसाठी पाणी वाहणारे, मशाल धरणारे, मचाण बांधणारे असे जे कुणी गावकरी असतील, त्यांची तर नावेही उरली नाहीत.

ब्रशवरून तो कॅमेऱ्याकडे का वळला?...

रंगवणे फार हळू होते. एक मोठी प्रत पूर्ण होईपर्यंत महिने जात आणि तोवर भिंतीचा आणखी भाग झडे. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिलने छायाचित्रण हाती घेतले.

तेव्हाचे छायाचित्रण म्हणजे फिरती प्रयोगशाळाच. काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून छायाचित्र घ्यायचे आणि सुकण्याआधी अंधारात धुवायची. सगळे काही मिनिटांत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही पट्टी किती भरभर सुकत असेल, याची कल्पना करा. त्यात अंधारी लेणी. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याची काच जास्त वेळ उघडी ठेवावी लागे आणि तेवढ्यात पट्टी सुकायची भीती.

गिलने साध्या कॅमेऱ्याबरोबर स्टिरिओ कॅमेराही वापरला आणि इथेच त्याची गोष्ट आपल्या विषयाला येऊन मिळते.

स्टिरिओ छायाचित्र म्हणजे काय?...

एक बोट डोळ्यांसमोर धरा. आधी फक्त डाव्या, मग फक्त उजव्या डोळ्याने पाहा. बोट जागचे हलल्यासारखे वाटेल. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटरचे अंतर असते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी दृश्ये मिळतात. जवळच्या वस्तूत हा फरक जास्त, लांबच्या वस्तूत कमी. या फरकावरून मेंदू खोली ताडतो.

स्टिरिओ कॅमेऱ्यात हीच युक्ती आहे. दोन भिंगे शेजारी शेजारी, म्हणून एकाच दृश्याची दोन किंचित वेगळी छायाचित्रे. ती दोन डोळ्यांना स्वतंत्रपणे दाखवली की सपाट कागदावर खांब पुढे येतो आणि गाभारा मागे सरकतो. चार्ल्स व्हीटस्टोन याने १८३८ मध्ये हे तत्त्व मांडले. डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप आणला आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर तो घरोघरी गेला. आज व्हीआर हेडसेट डोळ्यांना लावतो, तेव्हा आत दोन डोळ्यांसाठी दोन प्रतिमा असतात. तत्त्व तेच, बदल झाला तो काचेच्या पट्टीच्या जागी पडदा आला एवढाच.

लेण्यासारख्या जागेसाठी हे तंत्र फार उपयोगी ठरले. लेणे म्हणजे पोकळी. तैलचित्राला त्या पोकळीची भिंत दाखवता येते, पोकळी नाही. स्टिरिओ जोडीला ती दाखवता येते.

गिलची पुस्तके कोणती?...

१८६४ हे वर्ष महत्त्वाचे. या एकाच वर्षी लंडनमध्ये गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके आली. दोन्हींतील मजकूर फर्ग्युसनचा. पहिले ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’. त्यात ७४ छायाचित्रे आहेत. दुसरे पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्गसृष्टी यांवरचे, १०० स्टिरिओ चित्रांचे. निसर्गसृष्टी म्हणण्याचे कारण असे की लेणी आणि मंदिरांबरोबरच गिलमधला शिकारीही त्यात डोकावतो.

ही पुस्तके आजच्यासारखी छापलेली नव्हती. छायाचित्र थेट छापण्याचे तंत्र तेव्हा रुळले नव्हते. अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर काचेची निगेटिव्ह ठेवायची, सूर्यप्रकाशात प्रत उमटवायची, ती धुवायची, कापायची आणि पानावर हाताने चिकटवायची. पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीसाठी हे शंभर वेळा. त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींतही छटांचा थोडा फरक पडतो. आर्टिस्ट्स बुक हा शब्द तेव्हा नव्हता. पण कलावंताने स्वतः घेतलेली चित्रे, हाताने घडवलेली पाने आणि वाचकाला एका जागेत नेऊन उभे करण्याचा हेतू, हे सगळे गुण त्यात आहेत.

हे पुस्तक नुसते वाचायचे नव्हते. पानावर भिंग धरायचे, डोळे स्थिरावेपर्यंत थांबायचे आणि मग लेणे उघडायचे. पान उलटले की दुसरे लेणे.

आगीत नेमके काय गेले?...

३० डिसेंबर १८६६ रोजी क्रिस्टल पॅलेसला आग लागली. इमारतीचा उत्तरेकडचा मोठा भाग जळाला आणि त्यात गिलच्या प्रतीही गेल्या. वाचल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

इंजिनीअरिंगच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सगळे एकाच ठिकाणी, दुसरी प्रत कुठेच नाही. जळालेल्या चित्रांचा बराचसा मागमूस उरला तो श्रीमती स्पीअर यांच्या १८५६ च्या पुस्तकात. प्राचीन भारतावरच्या त्या पुस्तकात गिलच्या प्रतींवरून केलेली लहान लाकडी ठशांची चित्रे होती. भिंतीएवढी चित्रे गेली आणि तळहाताएवढी राहिली, कारण ती पुस्तकात होती आणि पुस्तक अनेक घरांत होते.

स्टिरिओ पुस्तकाचेही तसेच झाले. त्याच्या प्रती वेगवेगळ्या ग्रंथालयांत पांगल्या होत्या, म्हणून एका आगीने ते संपले नाही. मात्र पुस्तकाने सगळे वाचवले, असेही नाही. त्यात लेण्यांची खोली आली, खांब आले, मूर्ती आल्या. रंग आले नाहीत. काळ्या-पांढऱ्या छायाचित्राला ते जमणारच नव्हते. गिलने १८४० आणि ५० च्या दशकांत भिंतींवर जे रंग पाहिले, त्यातले काही पुढे झडले. त्यांची त्याने केलेली नोंदही जळाली. तो भाग आता कुणालाच दिसणार नाही.

यातून धडा घेतला गेला का?...

दुर्दैवाने लगेच नाही. १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेतील जॉन ग्रिफिथ्सकडे हेच काम नव्याने सोपवले गेले. पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांसह त्याने १८८५ पर्यंत तीनशेच्या आसपास प्रती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतील शंभराहून अधिक प्रती नष्ट किंवा खराब झाल्या. ग्रिफिथ्सने उरलेल्या कामाचे दोन मोठे खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केले. पुन्हा पुस्तकच कामी आले. पुढे जपानी चित्रकार अराई कांपो याने अजिंठ्यात केलेल्या प्रती १९२३ च्या टोकियो परिसरातील भूकंपानंतरच्या विध्वंसात गेल्या.

प्रती काढण्याच्या धडपडीची झळ मूळ चित्रांनाही बसली. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश लावले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि त्याचे पापुद्रे सुटताना खालचा रंगही ओढू लागले. वाचवायला आलेल्यांनी केलेले हे नुकसान आहे आणि अजिंठ्याच्या इतिहासात ते टाळून पुढे जाता येत नाही.

विसाव्या शतकात प्रतींपेक्षा छपाईवर भर आला. औंधचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेले भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक काढले. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचे चार भाग १९३० ते १९५५ दरम्यान आले. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न लावता, अगदी मंद उजेडात चित्रांचे रंग टिपले. गिलला जे हवे होते, ते शेवटी कॅमेऱ्याने सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने दिले.

गिलचे पुढे काय झाले?...

आग लागली तेव्हा गिल साठी ओलांडलेला होता. मेजर ही पदवी मिळाली होती, पण वीस वर्षांचे काम गेले होते. तो इंग्लंडला परतला नाही. अजिंठ्याच्या परिसरातच राहिला. ज्या कामासाठी तो आला होता, ते त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याकडे, मुंबईहून आलेल्या तरुण चमूकडे गेले. १० एप्रिल १८७९ रोजी, आजारी अवस्थेत भुसावळकडे नेले जात असताना त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे आणि पारोची अजिंठ्यात.

आज मोबाइलवर हे पाहता येते का?...

येते. गिलची छायाचित्रे ब्रिटिश लायब्ररीसह काही संग्रहांत जपलेली आहेत आणि त्यांतील अनेक ऑनलाइन पाहता येतात. स्टिरिओ जोडी सापडली, तर भिंगाशिवायही एक प्रयोग करून पाहा. फोन उभा धरा, म्हणजे दोन चित्रांतले अंतर तीन-साडेतीन सेंटीमीटर राहते. फोनच्या पलीकडच्या भिंतीकडे पाहत असल्यासारखी नजर सैल सोडा. दोन चित्रे सरकत तीन दिसू लागतील. मधल्या चित्रावर स्थिर राहा. पहिल्या फटक्यात जमेलच असे नाही आणि डोळे दुखू लागले तर थांबा.

जमले, तर मधल्या चित्रातले खांब एकेक करून पुढे येतात आणि त्यांच्या मागे लेण्यातला अंधार दिसतो. सोळा दशकांपूर्वी काचेची ओली पट्टी सुकायच्या आत गिलने टिपलेला हा अंधार आहे. हे छायाचित्र एकाच ठिकाणी ठेवले असते, तर तेही जळाले असते. आपापल्या गावातले लेणे, वाडा किंवा जुने देऊळ मोबाइलवर टिपणाऱ्या प्रत्येकाने यातून एवढे तरी घ्यावे : फोटो एका फोनमध्ये ठेवू नका, त्याच्या प्रती करा आणि त्या चार ठिकाणी जाऊ द्या.